मैदानात हजर होतो, पण 'तो' क्षण हुकला! तुमचं असं झालंय का?

जुनाबातमीदार
नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायचा योग आज आला. एका मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर १९८१ ते २०१५ अशी चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात कुणीही भेटलं की ठरलेलं वाक्य येतं, "तुम्ही तर सगळं डोळ्यांनी बघितलं असेल!" मी मान डोलावतो आणि जिलबी वाढून घेतो. आज खरं सांगतो.

३१ ऑक्टोबर १९८७. नागपूर, सिव्हिल लाइन्सचं मैदान, विश्वचषकातला न्यूझीलंडविरुद्धचा सामना. चेतन शर्मानं लागोपाठ तीन चेंडूंवर रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्डच्या दांड्या उडवल्या. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. त्या वेळी मी होतो प्रेस बॉक्सच्या मागच्या बाजूला, मैदानाकडे पाठ करून, फोनला चिकटलेला. ऑफिसला ट्रंक कॉल लावून दीड तास झाला होता, तो नेमका तेव्हा लागला. पलीकडून डेस्कवरचा सहकारी "मोठ्यानं बोला, मोठ्यानं" म्हणून ओरडतोय, मी एका कानात बोट घालून आधीच्या षटकांची कहाणी सांगतोय. मागं गलका झाला. म्हटलं, पडली असेल एखादी विकेट. जागेवर परतलो तर शेजारचा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही माझ्या घरी चोरी झालीय आणि मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी त्या हॅटट्रिकचं असं रसभरीत वर्णन लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं, मी अंपायरच्या शेजारी उभा होतो.

त्याच दिवशी गावसकरनं अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं एकुलतं एक शतक. ते मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, कारण दुसरा कॉल लागलाच नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही तिथं होतात, आणि तरीही हुकलं, असं काही? टीव्हीवरचं, रेडिओवरचंही चालेल.

गोल्डनडक
मी माझ्या स्वतःच्या लग्नात हजर होतो, पण नक्की काय घडलं ते अजून कळलेलं नाही. हे मोजायचं का?

संत्रानगरी
काका, मी होतो न त्या मॅचला! नववीत होतो, मोठ्या भावानं नेलं होतं. हॅटट्रिक पाहिली, पण खरं सांगू का, लोकांचं अर्धं लक्ष हिशेबात होतं. ४२.२ षटकांच्या आत जिंकलो तर गटात पहिले आणि सेमीफायनल मुंबईत, नाही तर लाहोरला जाऊन पाकिस्तानशी. आमच्या मागं एक गृहस्थ सिगारेटच्या पाकिटावर भागाकार करत बसले होते. गावसकर अन् श्रीकांतनं ते पाकीटच फेकायला लावलं. ३२.१ षटकांत खेळ खल्लास!

खडूस_फलंदाज
आणि एवढं करून मुंबईत सेमीफायनल मिळवली, तर तिथं काय? इंग्लंडच्या गूचनं झाडू मारल्यासारखा स्वीप मारत ११५ केल्या. गावसकर ४. लाहोरला गेलो असतो तर बरं झालं असतं.

आकडेमोड
@खडूस_फलंदाज, लाहोरला पाकिस्तानही हरला, ऑस्ट्रेलियाकडून. त्यामुळे या 'जर-तर'ला आधार नाही. बाकी धागा उत्तम.

बंदोबस्त
मी सांगतो माझी गोष्ट. मुंबई पोलिसातून निवृत्त झालोय. २ एप्रिल २०११, वानखेडे. होय, तीच फायनल. माझी ड्युटी प्रेक्षकांच्या एका स्टँडसमोर, कुंपणाला लागून. आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, अशा ड्युटीत तोंड लोकांकडे आणि पाठ मैदानाकडे. वळून बघायचं नाही. सकाळपासून उभे. घरचे सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, फुकटात फायनल!

मी ती मॅच चेहऱ्यांवर बघितली. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला तेव्हा लोकांनी 'अरेरे' केलं, एकमेकांकडे बघितलं, कुणी शिवी हासडली. सचिन १८ वर गेला तेव्हा काहीच झालं नाही. माझ्या समोर एक बाई मुलाला घास भरवत होती. तो घास तसाच हवेत. मला वळायची गरजच पडली नाही.

शेवटचा षटकार? आधी सगळ्यांच्या हनुवट्या एकदम वर गेल्या. मग माना हळूहळू कलल्या. तो चेंडू मला असा दिसला, दोन-अडीचशे हनुवट्यांवरून जाताना. मग जे झालं त्यात माझी टोपी गेली, ती आजतागायत सापडली नाही. टोपीबद्दल वरिष्ठांना लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात 'धोनी' हा शब्द घालावा की नाही यावर एक रात्र विचार केला.

शॉर्टलेग
@बंदोबस्त, धाग्याचा सामनावीर ठरला. घरी जा सगळे.

गोल्डनडक
खुलाशात शेवटी काय लिहिलंत ते सांगा, झोप येणार नाही.

बंदोबस्त
"जनसमुदायाच्या अनियंत्रित हर्षोल्लासात गहाळ."

सदाशिवपेठी_डुलकी
आमचं दुःख जुनं आहे. २९ फेब्रुवारी १९९६, पुण्याचं नेहरू स्टेडियम, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. मामाच्या ओळखीनं दोन पास मिळाले होते. केनियाचा डाव १६६ वर आटोपला. बाबा म्हणाले, "आता काय राहिलंय? लारा एकटा पुरा करेल." घड्याळ बघितलं, जेवणाची वेळ टळलेली. स्वारगेटवरून रिक्षा केली, घरी आलो, वरण-भात खाऊन आडवे झालो. उठलो, चहा ठेवला, टीव्ही लावला. वेस्ट इंडिज सर्वबाद ९३.

बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, आपण थांबलो असतो तर ते जिंकले असते.

क्रॉयडनकर
एक ते चार बंद ठेवण्याच्या पुणेरी शिस्तीपुढे विश्वचषकाची काय कथा.

जुनाबातमीदार
@सदाशिवपेठी_डुलकी, त्या सामन्याला मी होतो, आणि जागा होतो. लारा शून्यावर गेला तेव्हा प्रेस बॉक्समधल्या एका वेस्ट इंडियन पत्रकारानं वही मिटली आणि पेनाचं टोपण लावलं. अजून डझनभर षटकंही झाली नव्हती. ओडुंबेच्या फिरकीसमोर पुढचे एकेक असे येत-जात होते, जसं काही बस सुटायची घाई आहे.

आकडेमोड
सर, क्षमस्व. लारा शून्यावर नाही, ८ वर. झेल यष्टिरक्षक तारिक इक्बाल, गोलंदाज रजब अली.

जुनाबातमीदार
बघा. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं लोकांना शून्य सांगत आलोय. त्याचं बाद होणं तिथं शून्यासारखं वाटलं एवढं खरं. दुरुस्तीबद्दल आभार, पण माझ्या मनात तो शून्यावरच गेला.

रोखठोक
रंगाचा बेरंग करतो, माफ करा. सगळे हसताय, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. सर, तुम्ही न बघितलेली हॅटट्रिक 'बघितली' म्हणून छापलीत. वाचक पैसे देऊन विकत घेतात ते कशासाठी? आज एखाद्या रिपोर्टरनं असं केलं तर आपण त्याला फाडून खाऊ. तेव्हा टीव्हीवर लोक बघतच होते, मग तुमच्या कॉपीला किंमत 'मी तिथं होतो' एवढ्याचीच ना?

शॉर्टलेग
काहीही. बातमी म्हणजे साक्षीदाराचा जबाब नव्हे. तीन गडी, तीन चेंडू, तिन्ही त्रिफळाचीत, हे खरं होतं ना? झालं.

रोखठोक
'झालं' नाही. वर्णन रसभरीत होतं असं ते स्वतः म्हणतायत. रस कुठून आला?

जुनाबातमीदार
रोखठोक, तुमचं अर्धं मान्य. प्रेस बॉक्समध्ये एक उधारीचा व्यवहार चालायचा. आज माझी विकेट तू सांग, उद्या तुझी मी सांगेन. कुणी फोनवर, कुणी टेलेक्सच्या रांगेत, फोटोग्राफर फिल्मचा रोल विमानतळावर एखाद्या भल्या प्रवाशाच्या हाती देऊन पुण्या-मुंबईला पाठवायच्या गडबडीत. ही उधारी नसती तर एकही सामना पुरता छापून आला नसता. पण रस, तो मात्र माझ्या पदरचा. त्याबद्दल बचाव नाही.

खडूस_फलंदाज
न बघितल्याची गोष्ट निघालीच आहे तर माझी ऐका. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान. ज्यांनी हे मैदान पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथं एकाच वेळी इतके सामने चालतात की एकाचा कव्हर म्हणजे दुसऱ्याचा फाइन लेग. मी आमच्या सामन्यात सीमेजवळ उभा. पलीकडे हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेचा सामना चालू, शारदाश्रम वि. सेंट झेवियर्स. सारखा त्यांचा चेंडू आमच्यात यायचा. मी फेकून फेकून कंटाळलो. एकदा वैतागून ओरडलोही, "अरे, आउट करा की कुणीतरी!"

दोन दिवसांनी पेपरात वाचलं. नाबाद ६६४ धावांची भागीदारी. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. मी त्यातले निदान पंधरा-वीस चौकार हातानं उचलून परत दिलेत. बघितला म्हणाल तर एकही फटका नाही.

गोल्डनडक
आचरेकर सरांनी डाव घोषित करायला सांगितलं होतं तरी पोरं खेळत राहिली म्हणतात. तुमचा आवाज ऐकून थांबली असती.

तांबडा_पांढरा
लई झालं क्रिकेट! कोल्हापूरकडनं एक. १ ऑगस्ट २०२४, आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची पॅरिस ऑलिंपिकातली नेमबाजीची फायनल. मी राधानगरीच्या एस.टी.त. मोबाइल वर धरून अख्खी गाडी बघतीया. गुडघ्यावर बसून नेम झाला, पोटावर झोपून झाला, गडी मागंच. उभं राहून सुरू झालं अन् एकेक जण बाद व्हायला लागला. गडी वर, अजून वर. अन् वळणाला रेंज गेली! कंडक्टर म्हणाला, कुणी हलू नका. जसं काय आमच्या हलण्यानं नेम चुकणार होता. पाच मिनिटांनी रेंज आली तवा कांस्य गळ्यात पडायचं तेवढं बाकी होतं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन हॉर्न दाबून धरला.

तवा रेल्वेत टी.सी. व्हता हो पोरगा. अन् महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते कुस्तीतल्या खाशाबा जाधवांनंतर थेट ७२ वर्षांनी.

माणदेशी
आमच्याकडे रेंज नाही, वीज जाते. १५ ऑगस्ट २०१६, संध्याकाळ. मोहीच्या ललिता बाबरची रिओतली तीन हजार मीटर स्टीपलचेसची फायनल. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई, आणि तीही आमच्या माण तालुक्यातली, जिथं पिण्याच्या पाण्यासाठी बायकांनी आयुष्यभर पळापळ केली. शाळेच्या हॉलमध्ये टीव्ही लावला, सकाळी झेंडावंदनाला नव्हती एवढी गर्दी. शर्यत सुरू झाली आणि वीज गेली. कुणीतरी ट्रॅक्टरच्या बॅटरीची खटपट करेपर्यंत दहावी आल्याची बातमी फोनवर आली. एक आजी म्हणाल्या, "धाव्वी? म्हंजी दहावी पास?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आकडेमोड
वेळ ९:२२.७४. प्राथमिक फेरीत तिनं ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला होता. फायनलमध्ये तीच वेळ आली असती तरी पदक लांब होतं, तेव्हा विजेचं फार मनाला लावून घेऊ नका. बीडच्या अविनाश साबळेचं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतल्या स्टीपलचेसचं मात्र लावून घ्या. सुवर्ण ०.०५ सेकंदानं गेलं.

खडकी_बाजार
हॉकीला कोण वाली? डिसेंबर १९९८, बँकॉक एशियाड, फायनल कोरियाशी. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, तुटक्या स्टिका सुतळीनं बांधून खेळलेला. टीव्हीच्या दुकानासमोर आम्ही तीस-चाळीस जण. बरोबरी झाली, टायब्रेकर आला, आणि मालकानं जेवायची वेळ झाली म्हणून शटर ओढलं! आम्ही शटरला कान लावून ऐकलं. आतून एकदा मालकच ओरडला, "अडवला रे!" तेव्हा कळलं आपल्या गोलरक्षकानं, बलालनं, काय केलं ते. १९६६ नंतरचं पहिलं एशियाड सुवर्ण. आणि त्यानंतर बक्षीस काय, तर धनराजसह अनेकांना संघातून डच्चू.

क्रॉयडनकर
इथं लंडनमध्ये बाबांची एक गोष्ट घरात चालत आलीय. १९७१, ओव्हल, वाडेकरचा संघ. शेवटच्या दिवशी गणेशचतुर्थी होती आणि चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. आदल्या दिवशी चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं होतं. बाबा रजा टाकून गेले. विजयी फटका आबिद अलीचा, पण त्याबद्दल विचारलं की बाबा गप्प. पुढं एकदा आईनं फोडलं: ते हत्तिणीला नमस्कार करायला गेले होते.

सदाशिवपेठी_डुलकी
ती सुट्टी मी मान्य करतो. आमच्या आजोबांनी तर १९४८ साली पूना क्लबवर भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा बघितल्या होत्या.

रोखठोक
पूना क्लबवर त्या दिवशी जेवढी माणसं होती त्याच्या वीसपट पुणेकरांचे आजोबा तिथं होते.

सदाशिवपेठी_डुलकी
माझे खरंच होते. पण हुकलेला क्षण म्हणायचा तर याहून मोठा कुठला? ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी. सुट्टीत काठेवाडचा कर्णधार म्हणाला, डाव घोषित करा नाही तर आम्ही निघालो, आणि निघाले! आजोबा म्हणायचे, लोक जागेवर बसूनच राहिले, कुणीतरी येऊन खेळ पुन्हा सुरू होतोय म्हणेल म्हणून. निंबाळकरांना कसोटी कधी मिळालीच नाही.

तांबडा_पांढरा
काका, एक इचारू? चौतीस वर्षं काढलासा. खाशाबांना भेटला व्हतासा का?

जुनाबातमीदार
हा प्रश्न येईल असं वाटलं होतं. येऊ नये असंही वाटत होतं.

नाही भेटलो. १९८३ च्या विश्वचषकानंतर सगळं पान क्रिकेटनं भरलेलं असे. तेव्हा मनात आलं, कराडला जाऊन खाशाबा जाधवांना निवांत भेटावं. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ते त्यांच्या तोंडून ऐकावं. जपानच्या इशीशी झालेल्या लांबलचक कुस्तीनंतर विसावा न घेता लगेच रशियन मल्लासमोर उभं राहावं लागलं, आपल्या बाजूनं हरकत घ्यायला कुणी नव्हतं म्हणतात, तेही विचारावं. निरोप पाठवला, या म्हणून उत्तर आलं. एकदा एस.टी. स्टँडवर पोचलोही. तिथून सहज ऑफिसला फोन केला, तर एका स्थानिक क्रिकेट स्पर्धेची फायनल करायला माणूस नाही म्हणाले. परत फिरलो. त्या फायनलमध्ये कोण खेळलं, कोण जिंकलं, एक अक्षर आठवत नाही.

पुढच्या वर्षी लॉस एंजलिसचं ऑलिंपिक आलं. उषाचं पदक एक शतांश सेकंदानं गेलं, त्यावर आम्ही रात्री जागून पानं लावली. १२ ऑगस्टला स्पर्धा संपली. १४ ऑगस्टला खाशाबा अपघातात गेले. बातमी आली तेव्हा डेस्कवर सगळे पेंगुळलेले. मी चार ओळी लिहिल्या. 'माजी ऑलिंपिकपटू' असं लिहिलं होतं. 'स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता' हे घालायला जागा होती की नव्हती, ते आता आठवत नाही. जागा होती बहुतेक.

तांबडा_पांढरा
काका, आता या खाशाबांच्या गावाला, गोळेश्वरला. आमी घिऊन जातो. घरी दोन घास खाऊन जावा.

बंदोबस्त
सर, ते पोलीस खात्यातच होते. आमच्या ट्रेनिंगमध्ये त्यांचं नाव घेत असत. तेवढंच सांगायचं होतं.

माणदेशी
उशिरा लिहितोय. सरांच्या मूळ प्रश्नाला धरून: त्या दिवशीच्या नागपूरच्या बातमीचं कात्रण आहे का तुमच्याकडे? असेल तर टाका इथं. रोखठोक यांचंही समाधान होईल.

जुनाबातमीदार
दोन दिवस माळा उपसला. सौ. म्हणाल्या, दिवाळीला सांगते तेव्हा चढत नाहीत. सापडलं. कागद पिवळा पडलाय, वाचता येतंय.

तीन कॉलमांतले अडीच गावसकरला. चॅटफील्डच्या एका षटकातले दोन षटकार मी चक्क परिच्छेदभर लिहिलेत, ते बघितले होते म्हणून. आणि जिच्या रसभरीत वर्णनाची सदतीस-अडतीस वर्षं लाज आणि अभिमान दोन्ही बाळगलं, ती हॅटट्रिक पाच ओळींत आहे. रुदरफर्ड त्रिफळाचीत, ठीक. स्मिथ त्रिफळाचीत, ठीक. चॅटफील्डबद्दल मात्र स्वच्छ छापलंय, 'यष्टींमागे झेल देऊन परतला.'

कुणा वाचकाचं एकही पत्र आलं नव्हतं.

आकडेमोड
दुरुस्तीची विनंती नोंदवत आहे.

बंदोबस्त
सर, एक लेखी खुलासा द्या. मसुदा माझ्याकडे तयार आहे, फक्त टोपीच्या जागी झेल घाला.